एकट्याने १२४

एकट्याने खेळलात तर १२४. त्यापुढे गाडी सरकत नाही. रात्र रात्र जागा, बॅटऱ्यांची पाकिटं संपवा. निन्टेन्डोच्या गेमबॉयवरच्या ‘पोकेमॉन रेड’मध्ये दुसऱ्या खेळाडूची मदत न घेता जास्तीत जास्त १२४ प्राणीच गोळा होतात. गोळा करायचे असतात १५०. उरलेल्या २६ चा हिशोब सरळ आहे. ११ प्राणी या कार्ट्रिजमध्ये नाहीतच, ते ‘ब्लू’मध्ये आहेत (आणि ‘ब्लू’वाल्याला हवे असलेले ११ ‘रेड’मध्ये). ४ प्राणी असे, की दुसऱ्याच्या यंत्रात पाठवल्याशिवाय ते प्रकटच होत नाहीत. सुरुवातीला तिघांपैकी एक निवडावा लागतो. उरलेल्या दोघांची तीन-तीन रूपं म्हणजे ६ हातचे गेले. पुढे दोन जीवाश्मांतला एकच घेता येतो, तिथे २. ईवी नावाचा प्राणी एकदाच मिळतो आणि त्याची रूपं तीन होऊ शकतात, तिथे आणखी २. दोन पहिलवानांतला एकच घ्यायचा, तिथे १. झाले २६.

हा खोडसाळपणा ठरवून केलेला आहे. खेळाचा जनक सातोशी ताजिरी टोकियोजवळच्या माचिदात किडे पकडत लहानाचा मोठा झाला. त्याच्या डोळ्यांदेखत तिथली शेतं आणि डबकी सिमेंटखाली गेली. दोन गेमबॉय जोडणारी केबल पाहिल्यावर त्याला वाटलं, या तारेवरून किडे इकडून तिकडे चालत जावेत. एकाच खेळाच्या दोन वेगळ्या आवृत्त्या काढा, ही सूचना ‘मारिओ’कार शिगेरू मियामोतो यांची. पूर्ण खेळ कोणाकडेच असणार नाही, आणि माझ्याकडे नसलेलं बरोबर शेजारच्या मुलाकडे असेल, अशी व्यवस्था झाली. काडेपेट्यांचे छाप जमवणाऱ्या पिढीला यातली गोम लगेच कळेल: डबल छाप खिशात असल्याशिवाय मैदानात जाण्यात अर्थ नसायचा.

पुढे जे अगडबंब आकडे येणार आहेत, त्यांच्या मुळाशी हे २६ आहेत असं माझं मत आहे. जाहिरातीवर झालेला खर्च, मालिका, सिनेमा हे सगळं खरं. पण प्रत्येक गिऱ्हाईक दुसरं गिऱ्हाईक शोधायला स्वतःहून बाहेर पडतं, अशी वस्तू बाजारात क्वचितच येते.

२७ फेब्रुवारी १९९६ ला जपानमध्ये ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ (अमेरिकेत पुढे ही जोडी ‘रेड’-‘ब्लू’ झाली) आले तेव्हा गेमबॉय सात वर्षांचा, म्हणजे त्या धंद्याच्या मानाने म्हातारा झाला होता. पडदा १६० गुणिले १४४ ठिपक्यांचा, रंग नाहीत, काळपट-हिरवट अशा चार छटा. जपानी कार्ट्रिजमध्ये जागा ५१२ किलोबाइट. आज व्हॉट्सॲपवर येणारी सकाळची फुलं कधी कधी तेवढी जागा खातात. या जागेत १५१ प्राणी, त्यांचं बळ, त्यांचे डावपेच, गावं, गुहा आणि संगीत बसवलेलं होतं. लढाईत सहा प्राण्यांचा संघ उतरवता येतो. १५१ मधून वेगवेगळे सहा निवडायचे तर किती संघ होतील? १४,८८,८६,००,७५५. दीड हजार कोटींना थोडे कमी. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला एक संघ वाटला तरी जवळपास निम्मे उरतील.

वर एकदा १५० म्हटलं आणि इथे १५१, ते का? खेळ तयार झाल्यावर चुका शोधण्यासाठी घातलेला कोड काढून टाकला, तेव्हा सुमारे ३०० बाइट मोकळे झाले. शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रॅमरने त्या फटीत गंमत म्हणून म्यू नावाचा आणखी एक प्राणी बसवून दिला. खेळात तो सरळ मार्गाने कुठेच भेटत नाही. अफवा पसरली, आणि ‘कोरोकोरो’ या मुलांच्या मासिकाने २० भाग्यवंतांना म्यू देण्याची घोषणा केली. अर्ज आले ७८,०००. एका जागेमागे ३,९०० उमेदवार. आपल्याकडच्या सरकारी भरतीचीच आठवण व्हावी. ३०० बाइटच्या प्राण्यासाठी! खेळाचा खप उतरायच्या ऐवजी चढू लागला तो यानंतर.

आता पॅसिफिक ओलांडायचा होता, आणि तिथे पहिली अडचण आली ती जागेचीच. जपानी आवृत्तीत प्राण्याचं नाव पाच अक्षरांत मावत असे. इंग्रजीला दहा लागली. संवाद लांबले. मूळ प्रोग्रॅम इतका ठासून भरलेला होता, की त्यात परकी भाषा घालायची कशी हेच कळेना. शेवटी निन्टेन्डोचे कर्मचारीही नसलेले सातोरू इवाता (ते तेव्हा एचएएल लॅबोरेटरी या छोट्या कंपनीचे अध्यक्ष होते) मूळ कोड मागवून वाचत बसले आणि भाषांतराचं काम कसं करावं हे त्यांनी निन्टेन्डोच्या माणसांना सांगितलं. एका कंपनीचा अध्यक्ष दुसऱ्या कंपनीचा कोड ओळ न् ओळ वाचतो, हे चित्र मला या साऱ्या कहाणीत सर्वांत आवडतं. अमेरिकी कार्ट्रिज दुप्पट झालं, १ मेगाबाइटचं.

नावंही बदलावी लागली. पिकाचूसारखी काही तेवढी तशीच राहिली. जपानी किकबॉक्सर सावामुरा आणि मुष्टियोद्धा एबिहारा यांच्यावरून बेतलेल्या दोन पहिलवानांना अमेरिकेत कोण ओळखणार? त्यांच्या नावांत ब्रूस ली आणि जॅकी चॅन शिरले. अमेरिकेतल्या काही जाणकारांना तर हे प्राणीच फार गोंडस वाटले. तिकडची मुलं यांना हसतील, चित्रं बदलून द्या, अशी मागणी आली. निन्टेन्डोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी ती उडवून लावली. खेळावर बेतलेल्या कार्टून मालिकेच्या बाबतीत मात्र एवढा करारी बाणा दिसत नाही. न्यूयॉर्कच्या फोर-किड्स कंपनीने इंग्रजी आवृत्ती करताना नायक सातोशीचा ॲश केला आणि चक्क भाताच्या त्रिकोणी गोळ्यांना जॅम भरलेले डोनट म्हणून टाकलं. पडद्यावर भात दिसतोय, समुद्री शेवाळाची काळी पट्टी दिसतेय आणि पात्र म्हणतंय डोनट. मुलांनी तेही खाल्लं.

त्याआधी एक भयंकर आकडा अमेरिकेला ठाऊक झाला होता: ६८५. १६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी जपानमध्ये मालिकेचा एक भाग सुरू असताना लाल आणि निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा लखलखला. देशभरात झटके, चक्कर, उलट्या सुरू झाल्या आणि ६८५ मुलांना रुग्णालयांत न्यावं लागलं. बहुतेक मुलं लवकर बरी झाली. मालिका चार महिने बंद राहिली. अमेरिकी वृत्तवाहिन्यांनी ही बातमी दाखवली तेव्हा तिथल्या बहुतेक आईवडिलांनी पोकेमॉन हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. एखाद्या उत्पादनाची याहून वाईट ओळख कल्पनेतही करता येणार नाही. तो भाग अमेरिकेत कधीच दाखवला गेला नाही.

२७ ऑगस्ट १९९८. कॅन्ससची राजधानी टोपिका, वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. महापौरांनी एका दिवसापुरतं शहराचं नाव ‘टोपिकाचू’ केलं. विमानातून ७०० कापडी पिकाचू खाली सोडण्यात आले, आणि पिकाचूसारख्या पिवळ्या रंगवलेल्या, शेपटी लावलेल्या दहा फोक्सवॅगन बीटल गाड्या तिथून प्रचाराला निघाल्या. गंमत वाटते, पण खरी करामत या तमाशात नव्हती, ती वेळापत्रकात होती. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मालिका सुरू झाली, २८ सप्टेंबरला खेळ दुकानांत आला. मधले तीन आठवडे मुलांनी प्राणी पाहायचे, नावं पाठ करायची, आणि मग ते पकडायची सोय दुकानात. जपानमध्ये मालिका आठवड्याला एक भाग दाखवी. अमेरिकेत स्थानिक वाहिन्या ती आठवड्याचे पाच दिवस लावू लागल्या, अनेक शहरांत तर भल्या पहाटे. या वेगाने पहिल्या हंगामाचे ५२ भाग साडेदहा आठवड्यांत संपतात. जपानी मुलाने वर्षभर चघळलेलं अमेरिकी मुलाने शाळेला जाण्यापूर्वीच्या अर्ध्या तासांत गिळलं. १३ फेब्रुवारी १९९९ पासून किड्स डब्ल्यूबीवर मालिका देशभर दिसू लागली, तेव्हा कुठे ती पहाटेच्या अंधारातून बाहेर आली.

पहिल्या पंधरवड्यात खेळाच्या २ लाख प्रती गेल्या. एकट्या अमेरिकेतला ‘रेड’-‘ब्लू’चा खप पुढे ९८ लाखांच्या घरात पोचला. २००० च्या जनगणनेत ५ ते १४ वयाची अमेरिकी मुलं ४ कोटी १० लाख भरली. म्हणजे ढोबळमानाने चार मुलांमागे एक कार्ट्रिज. वर्गात पन्नास टक्के कार्ट्रिजं असायची गरजच नव्हती. चौघांत एकाकडे असलं, की उरलेले तिघे खांद्यावरून वाकून बघणार आणि घरी जाऊन हट्ट धरणार.

ज्यांना यंत्र परवडत नव्हतं त्यांच्यासाठी पत्ते होते. जानेवारी १९९९ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने इंग्रजी पत्ते आणले. पहिल्या संचात १०२ पत्ते, पाकिटात ११, आणि कुठले निघतील ते फोडल्यावर कळणार. शाळेच्या मैदानावर असा घोडेबाजार सुरू झाला, की वर्ष सरायच्या आत अनेक शाळांनी पत्त्यांवर बंदी घातली. बंदीने काय होतं ते शाळेत गेलेल्या कोणालाही विचारा. त्याच सप्टेंबरात हॅस्ब्रो या खेळण्यांच्या बड्या कंपनीने सुमारे ३२.५ कोटी डॉलर मोजून विझार्ड्स विकत घेतली.

नोव्हेंबर १९९९ हा या ज्वराचा कळस. १० तारखेला, बुधवारी, वॉर्नर ब्रदर्सने पहिला पोकेमॉन चित्रपट तीन हजारांहून अधिक चित्रपटगृहांत लावला. शाळेचा दिवस असूनही कमाई एक कोटी डॉलरच्या वर गेली. अमेरिकेतली एकूण कमाई साडेआठ कोटींवर. समीक्षकांनी पिसं काढली. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला वाटत नाही, चित्रपट सुमारच आहे. तरी अमेरिकेतल्या जपानी ॲनिमेशनपटाच्या सर्वोत्तम पहिल्या शनिवार-रविवारचा त्याचा विक्रम जवळपास २६ वर्षं टिकला. तो मोडायला सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेयर’ला यावं लागलं, तेही तीन दिवसांत ७ कोटी डॉलर कमवून. पोकेमॉनच्या चित्रपटानंतर बारा दिवसांनी ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर हे प्राणी होते.

त्याच महिन्यात बर्गर किंगने मुलांच्या जेवणासोबत ५७ प्रकारची पोकेमॉन खेळणी द्यायला सुरुवात केली, प्रत्येक खेळणं एका प्लॅस्टिकच्या चेंडूत. एका तान्ह्या मुलीच्या नाकातोंडावर अर्धा चेंडू बसला आणि ती गुदमरून दगावली. डिसेंबरअखेर चेंडू परत मागवले गेले. किती? अडीच कोटींहून जास्त. जनगणनेचा वरचा आकडा शेजारी ठेवला तर दर दोन मुलांमागे एकापेक्षा अधिक, आणि हे सारं दोन महिन्यांच्या आत वाटलं गेलेलं. चेंडू परत आणून देणाऱ्याला बटाट्याच्या तळलेल्या कापांचं एक छोटं पाकीट फुकट मिळणार होतं. प्रचंड संख्या हाताळणाऱ्यांची सहृदयताही कधी कधी अशी घाऊक असते.

मग ज्वर उतरला. पहिल्या पिढीची मुलं मिसरूड फुटायच्या वयाला आली आणि पत्ते माळ्यावर गेले. नवे खेळ येत राहिले, विकले जात राहिले, पण ती सार्वजनिक उन्मादाची अवस्था संपल्यासारखी वाटली. म्हणूनच जुलै २०१६ मध्ये जे झालं त्याला गूगलचे अभियंतेही तयार नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोच्या नायँटिक कंपनीचा ‘पोकेमॉन गो’ हा मोबाइल खेळ गूगलच्या सर्व्हरांवर चालणार होता. अपेक्षित वर्दळीला १ म्हणा. फारच गर्दी झाली तर ५, असा अंदाज बांधून ठेवला होता. प्रत्यक्षात ५० झाली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये खेळ सुरू होऊन पंधरा मिनिटं होतात न होतात तोच अंदाज कोसळला होता, आणि दुसऱ्या दिवशी तर अमेरिकेची पाळी होती. लग्नाला पाचशे पानांची तयारी आणि दारात पाच हजार वऱ्हाडी, हे आपल्याला नवं नाही. इथे तर ते पाच हजार प्रत्येक क्षणाला नव्याने जेवायला बसत होते.

अमेरिकी लोक आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत आणि वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयात पोकेमॉन पकडू लागले. इथे तरी खेळू नका, असं दोन्ही संस्थांना जाहीरपणे सांगावं लागलं. टोकियोच्या शेअर बाजारात निन्टेन्डोचा भाव दोन आठवड्यांत दुप्पट झाला. मग कंपनीने नम्रपणे कळवलं, की हा खेळ आम्ही बनवलेला नाही, पोकेमॉन कंपनीत आमचा वाटा ३२ टक्के आहे, नफ्यावर फारसा परिणाम होणार नाही. २५ जुलैला भाव जवळपास १८ टक्के पडला. हे सगळं आधीपासून जाहीर होतं, पण वाचतो कोण! (आपल्याकडे हा खेळ अधिकृतपणे आला त्या डिसेंबरात, जिओच्या साथीने. पुण्या-मुंबईतली पोरं जुलैपासूनच आडवाटेने डाऊनलोड करून टेकड्या आणि उद्यानं पालथी घालत होती.) वर्षअखेर नायँटिकने जगभरातल्या खेळाडूंची पायपीट जाहीर केली: ८७० कोटी किलोमीटर. सूर्यापर्यंत जाऊन परत यायच्या २९ फेऱ्या. ताजिरीला मुलांनी पुन्हा बाहेर पडून किडे शोधावेत असं वाटत होतं; ती इच्छा वीस वर्षांनी अशी फळाला आली. नजर मोबाइलवर खिळलेली, ही अट वाढली एवढंच.

आणि पत्ते? ते माळ्यावरून खाली आले. करोनाच्या टाळेबंदीत तिशीतल्या अमेरिकनांनी जुने खोके उघडले. पत्त्यांची प्रत ठरवून देणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या पीएसए कंपनीकडे २०२१ मध्ये तीन दिवसांत इतके पत्ते आले, जितके आधीच्या तीन महिन्यांत आले नव्हते. मार्चअखेर तिने बरीचशी कामं घेणंच थांबवलं. मे महिन्यात टार्गेट या दुकानसाखळीने भांडणांच्या भीतीने दुकानांतली विक्री थांबवली. ‘कोरोकोरो’च्या चित्रस्पर्धेत ९० च्या दशकात बक्षीस म्हणून दिलेला पिकाचूचा एक पत्ता लोगन पॉल या अमेरिकी यूट्यूबरने ५२ लाख ७५ हजार डॉलरला घेतला आणि कुस्तीच्या आखाड्यात गळ्यात घालून मिरवला.

त्या गदारोळाला उत्तर म्हणून छापखान्यांनी जे केलं, ते आकडे दोनदा वाचावे लागतात. एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या वर्षात जगभरासाठी १,१९० कोटी पत्ते छापले गेले. लीप वर्षाचा जादा दिवस धरून भागाकार केला, तर रात्रंदिवस दर सेकंदाला ३७६ पत्ते. तरीही एका ५१२ किलोबाइटच्या कार्ट्रिजमधून निघू शकणाऱ्या संघांपेक्षा हा आकडा लहानच! पत्त्यांची भूक एवढी, की पोकेमॉन कंपनीच्या अमेरिकी शाखेने २०२२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातला मिलेनियम प्रिंट ग्रुप हा छापखानाच विकत घेतला. मार्च २०२५ पर्यंतची एकूण बेरीज ७,५०० कोटींच्या वर. पत्त्याची उंची ८.८ सेंटिमीटर. एकापुढे एक मांडले तर ६६ लाख किलोमीटर, म्हणजे पृथ्वीपासून चंद्रापर्यंत सतरा रांगा. एका पत्त्याचं वजन पावणेदोन ग्रॅम धरलं, तर १ लाख ३० हजार टन पुठ्ठा.

पैशांचे आकडे मी मुद्दाम मागे ठेवले. जगातली सर्वाधिक कमाई करणारी मालमत्ता म्हणून पोकेमॉनचं नाव हमखास येतं आणि सोबत डोळे पांढरे करणारी डॉलरची रक्कम. त्यातला मोठा हिस्सा परवान्यावर बनवलेल्या वस्तूंच्या किरकोळ विक्रीचा असतो. २०२२ ची ती विक्री जगभरात ११.६ अब्ज डॉलर होती. पण त्यात दुकानदार, कारखानदार, वाहतूकदार सगळ्यांचा वाटा आला. कंपनीच्या हातात पडतो त्याचा काही अंश. या जातीच्या आकड्यांपेक्षा किलोमीटर आणि टन यांच्यावर माझा जास्त विश्वास आहे.

त्याहीपेक्षा विश्वास आहे तो एका अगदी छोट्या आकड्यावर: ११. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेसी गोमेझ आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लहानपणी गेमबॉयवर पोकेमॉन भरपूर खेळलेले ११ प्रौढ आणि कधीच न खेळलेले ११, अशांना एमआरआय यंत्रात झोपवून पोकेमॉनची चित्रं दाखवली. खेळलेल्यांच्या मेंदूत, दृश्यं ओळखणाऱ्या भागातल्या एका ठरावीक खाचेजवळ, पोकेमॉनसाठी राखून ठेवल्यासारखी जागा सापडली, आणि ती प्रत्येकात साधारण त्याच ठिकाणी होती. कारण त्या म्हाताऱ्या यंत्रात आहे. लाखो मुलांनी तोच चिमुकला चौकोन हाताच्या साधारण तेवढ्याच अंतरावर धरून तासन् तास पाहिला, त्यामुळे चित्र प्रत्येकाच्या डोळ्यातल्या दृष्टिपटलाच्या मधोमध, त्याच जागी पडत राहिलं. वाढत्या वयातला मेंदू असे पाठ विसरत नाही. असा एकसारखा सराव अमेरिकेतल्या इतक्या मुलांकडून करून घ्यायला एखाद्या शास्त्रज्ञाने अनुदान मागितलं असतं, तर कुठल्याही समितीने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. गोमेझ स्वतःही त्याच पिढीतला, पोकेमॉन खेळत वाढलेला. प्रयोगासाठी प्राणी निवडताना त्याला पुस्तक उघडावं लागलं नसणार.